चार बोटं

बापूसाहेबांचा उजवा पाय हर्डलच्या पलीकडे गेला आणि डावा अलीकडेच राहिला. एका बाजूनं ढेरे सरांनी धरलेलं, दुसऱ्या बाजूनं दूध संघाच्या मॅनेजरनं, आणि समोर फोटोग्राफर ओरडतोय, "साहेब, हसा! इकडं बघून हसा!"

"हसतोय कसला! धोतर अडकलंय," बापूसाहेब म्हणाले. "मागं घ्या मला आधी."

दोघांनी त्यांना उचलून परत अलीकडे आणलं. साहेबांनी हर्डलकडे रागानं बघितलं. "हे बायकांचं आहे म्हणता? एवढ्या उंचावरनं बायका उड्या मारतात?"

"मारतात साहेब," मी म्हटलं. "पळता पळता मारतात. एका दमात दहा."

ढेरे सरांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. मग खाली वाकून दोन्ही बाजूच्या पिना काढल्या, वरची आडवी पट्टी एक खाच खाली घेतली आणि पिना परत बसवल्या. या खेपेला बापूसाहेब सुखरूप पार झाले, फोटो निघाला, टाळ्या झाल्या आणि आमच्या जिल्ह्याच्या नव्या कोऱ्या ट्रॅकचं उद्घाटन झालं. त्या हर्डलला हळदकुंकू लागलं होतं, झेंडूचा हार पडला होता, समोर नारळ फुटला होता. उभ्या आयुष्यात मला कुणी दिला नाही एवढा मान त्या लोखंडाला मिळाला.

याला आता तेवीस वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच राहते आणि दूध संघाचे चेअरमन आता बापूसाहेबांचे चिरंजीव आहेत. त्या वेळी मी छत्तीस वर्षांची होते. यमुना शेवाळे, कन्याशाळेतली पीटीची बाई. कॉलेजात असताना हर्डल्समध्ये राज्यात तिसरी आले होते, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाईनं बरीच वर्षं या खेळाच्या वाटेला जायचा वेडेपणा केला नव्हता. त्यामुळं उद्घाटनाच्या स्पर्धेत हर्डल्स मांडायची, मोजायची आणि उचलायची, हे काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. ढेरे सर स्पर्धेचे सेक्रेटरी. स्पर्धा आंतरराष्ट्रीय होती. म्हणजे श्रीलंकेचे चार, नेपाळचे दोन आणि इटलीची एक.

ती इटलीची एक म्हणजे ओर्नेला मार्केसान. तिला सांभाळायचं कामही माझ्याकडंच आलं, कारण आख्ख्या समितीत चुकीचं इंग्रजी न लाजता बोलणारी बाई मी एकटीच होते. तिचं इंग्रजीही माझ्याइतकंच अगाध. त्यामुळं आमचं छान जमलं.

तेहतीस वर्षांची, ताडमाड, नाक धारदार आणि जीभ त्याहून धारदार. स्टेशनवर उतरली तेव्हा हातात दोन पिशव्या. एकीत बूट आणि कपडे, दुसरीत मॅकरोनीची पाकिटं, कारण परमुलखात पोट बिघडायला नको. गेस्ट हाऊसच्या आचाऱ्यानं पहिल्याच दिवशी त्या मॅकरोनीला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून झणझणीत फोडणी दिली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईनं ताट पुसून खाल्लं आणि उरलेली पाकिटं आचाऱ्याच्या हवाली केली.

"इतक्या लांब कशाला आलीस बाई?" मी विचारलं.

"तेरा दहा," ती म्हणाली.

शंभर मीटर हर्डल्स तेरा सेकंद दहा शतांशात, किंवा त्याहून कमी वेळात पळालं, तर तिला ऑलिंपिकला जाता येणार होतं. आणि ती वेळ नोंदवायची मुदत त्या रविवारी संपत होती. तिच्या देशात ती तीनदा पहिली आलेली, पण ऑलिंपिक दोनदा हुकलेलं. पहिल्यांदा आठ दिवस आधी मांडीचा स्नायू फाटला. दुसऱ्यांदा दोन शतांश कमी पडले. दोन शतांश म्हणजे किती, असं मी विचारलं, तर तिनं एकदा पापणी लववली आणि म्हणाली, "याच्यापेक्षा कमी."

या खेपेला युरोपभर सात ठिकाणी पळून झालं होतं, आणि सगळ्यात चांगली वेळ तेरा चौदा. तेवढ्यात तिच्या एजंटला कळलं, की हिंदुस्थानात कुठंतरी कडक नवा ट्रॅक झालाय, हवा कोरडी आहे आणि स्पर्धा बरोबर शेवटच्या रविवारी आहे. बाईनं स्वतःच्या पगारातून तिकीट काढलं. नोकरी पोलिसात होती, पण आजवर तिनं फक्त त्यांच्या संघाकडून पळायचंच काम केलं होतं. आता वरिष्ठांनी सांगून टाकलं होतं, यंदा जमलं नाही तर विमानतळावर पासपोर्टला शिक्के मारायला बसायचं.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तू का सोडलंस?"

"घोटा. सहाव्या हर्डलवर पडले, घोटा गेला."

"कुठला?"

"उजवा."

तिनं चटकन वाकून माझा उजवा घोटा हातात घेतला, इकडं फिरवला, तिकडं फिरवला, आणि सोडून दिला.

उद्घाटन तीनला झालं. भाषणं पावणेचारपर्यंत चालली, आणि चारला शेवटची, मानाची शर्यत ओर्नेलाची होती; बाकीच्या सकाळीच उरकल्या होत्या. पाच जणी, पाच लेन, पन्नास हर्डल्स. पन्नासही मी सकाळी मापाच्या काठीनं तपासून ठेवली होती. आता पूजेचं तेवढं परत जागेवर लावायचं राहिलं होतं.

"ते लावा कुठंतरी कडेला," ढेरे सर म्हणाले.

"कडेला कशाला? पाहुणीच्या लेनला लावते, पहिलंच. पूजेचं आहे, चांगलं असतं."

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हार पट्टीच्या दोन्ही टोकांना घट्ट गुंडाळलेला होता आणि पिना त्याच्याखाली झाकलेल्या. मला वाटलं, सरांनी खाली घेतलेली पट्टी सरांनीच वर घेतली असणार. सरांना वाटलं, हर्डल्स बाईंच्या ताब्यात आहेत, त्या बघतील. स्टार्टरची शिट्टी झाली तसा मी हार ओढून काढला आणि पळत बाजूला झाले. पाच हर्डल्स ओळीत उभी असताना मधलं एकच बुटकं आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आम्ही सगळे गोऱ्या पाहुणीकडं बघत होतो.

बार झाला. आठ पावलं, आणि ओर्नेला पहिल्या हर्डलवरून अशी गेली, की मी जागच्या जागी "अगं बाई!" असं ओरडले. पुढच्या प्रत्येक हर्डलमध्ये तीन पावलं, उडी, तीन पावलं, उडी. बाकीच्या चौघी अजून आठव्यावर होत्या तेव्हा ही रेषेच्या पार. बोर्डावर आकडे थांबले. तेरा शून्य सात. वारासुद्धा नियमात.

ती आधी ट्रॅकवर आडवी झाली. मग उठून थेट माझ्याकडं धावत आली आणि तिनं मला उचललं. मी बहात्तर किलोची. मला तसंच उचलून गरागरा फिरवलं. बापूसाहेबांनी माईक घेऊन जाहीर केलं, की हा आपल्या ट्रॅकचा पायगुण आहे, आणि दूध संघातर्फे सगळ्यांना पेढे आणि मसाला दूध.

पेढे वाटून होईपर्यंत मी हर्डल्स उचलायला गेले. पूजेचं हर्डल चौथ्या लेनच्या हर्डलशेजारी टेकवून ठेवलं आणि माझा हात तिथंच थांबला. मी दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या अंतरात बोटं धरून बघितली. बरोबर चार बोटं. पट्टीवरचं कुंकू माझ्या बोटांना लागलं.

ढेरे सरांना मांडवामागं गाठलं. "सर, बापूसाहेबांच्या फोटोनंतर पट्टी वर घेतली होती तुम्ही?"

"कुठली पट्टी?" म्हणता म्हणता त्यांना आठवलं. हातातला पेढा हातातच राहिला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर, ती वेळ धरता येत नाही. पहिलंच हर्डल खाली होतं."

"बघितलंय कुणी? तुम्ही आणि मी. तुमच्याकडं तो तपासणीचा फॉर्म आहे ना, त्याच्यावर सही करा. जयतिलक साहेब फॅक्स पाठवून मोकळे होतील. पोरगी खूश, साहेब खूश, गावाचं नाव झालं. चार बोटांनी कुणाचं काय बिघडलंय?"

जयतिलक म्हणजे कोलंबोहून आलेले आंतरराष्ट्रीय निरीक्षक. त्यांच्या सहीशिवाय कुठलीच वेळ पुढं जात नव्हती, आणि माझ्या सहीशिवाय ते सही करत नव्हते. खरं सांगू? सरांच्या बोलण्यात मला काहीसुद्धा खोट दिसली नाही. फॉर्म हातात होता, पेन होतं, मी 'य' काढलासुद्धा. मग तो फॉर्म तसाच घडी केला आणि चालू लागले. जयतिलकांकडं नाही. ओर्नेलाकडं.

ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून आईशी फोनवर बोलत होती. मधेच रडायची, मधेच हसायची. मला बघितलं तशी तिनं फोन माझ्याच कानाला लावला. पलीकडून एक म्हातारी भरभरून काहीतरी बोलत होती. शब्द एक कळला नाही, पण आशीर्वाद कुठल्याही भाषेत कळतो. मी म्हटलं, "हो आई. थँक्यू आई." फोन बंद झाला आणि मी सांगून टाकलं. पूजा, धोतर, पट्टी, खाच, एका दमात सगळं.

"किती?" तिनं विचारलं.

मी चार बोटं दाखवली. कुंकू लागलेली.

"ढेरेला माहीत आहे?"

"हो. ते म्हणतात, गप्प बस."

"मग बसली का नाहीस?" ती एवढ्यांदा ओरडली, की बाहेरची पोरं पळाली. पायातला एक बूट काढून तिनं समोरच्या भिंतीवर हाणला. मग इटालियन सुरू झालं. आशीर्वाद कळतो तशा शिव्याही कळतात. दम लागल्यावर ती परत माझ्या भाषेवर आली. म्हणजे आमच्या त्या मोडक्या इंग्रजीवर.

"पहिल्या हर्डलवर मला वाटलं, आज मी उडाले. समजतंय तुला? वीस वर्षं पळतेय मी. लोक म्हणतात, ओर्नेला मेहनती आहे. मेहनती! उडणारी कुणी म्हणालं नाही. आज पहिल्यांदा वाटलं. आईला आत्ता तेच सांगितलं. आणि तू येऊन सांगतेस, मी नाही उडाले, हर्डल बसकं होतं!"

"चूक माझीच आहे. मी..."

"चूक गेली खड्ड्यात! चूक कुणाकडूनही होते. तू इथं का आलीस ते सांग."

"खरं सांगायला नको?"

"खरं त्या श्रीलंकेच्या माणसाला सांगायचं. माझ्याकडं का आलीस? माझं तोंड कसं होतं ते बघायला?"

माझा राग हा असा आहे, तो वेळकाळ बघत नाही. "हो!" मी म्हटलं. "तुझं तोंड बघायलाच आले! तेहतीस वर्षांची घोडी तू. पडतेस, उठतेस, परत पळतेस. मी बाविसाव्या वर्षी घरी बसले. मघाशी मला उचलून नाचत होतीस ना, तेव्हा माझ्या पोटात दुखत होतं. नाही बघवलं मला. झालं समाधान?"

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. इतकी, की खोलीत तोंड लपवायला जागा शोधू लागले. आपण इतक्या वाईट आहोत हे मला तोवर माहीत नव्हतं. मला आपलं वाटत होतं, मी प्रामाणिक आहे.

ओर्नेला नाकातून एकदाच हसली. "हे खरं बोललीस," ती म्हणाली, आणि उठून भिंतीजवळचा बूट घेऊन आली. "चल."

"कुठं?"

"आता माहीत झालंय ना मला? मग परत पळायला."

जयतिलकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, बगलेत नियमांचं पुस्तक. "शर्यत रद्द," ते म्हणाले. "आजच्या आज परत घेता येईल. पण एकटी पळाली तर ती शर्यत नव्हे. निदान तीन जणी पळाल्या पाहिजेत आणि तिघींनीही शेवटची रेषा गाठली पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही."

पाच वाजले होते. साडेसहाला अंधार. केरळच्या दोघी गाडी पकडायला स्टेशनवर गेलेल्या. पंजाबची एक पहिली शर्यत संपल्यापासून मांडी धरून बसलेली. उरली आमच्याच कॉलेजची रेश्मा मुजावर, एकोणीस वर्षांची काटक पोर. ती पटकन तयार झाली. म्हणजे झाल्या दोन.

ढेरे सरांनी घसा खाकरला. "तिसरी आहे."

"कुठाय?"

"त्याचं काय आहे, आठ लेनचा ट्रॅक आणि पाचच नावं. यादी कशी बोडकी दिसत होती. म्हणून तीन नावं वाढवली होती मी. एक माझी पुतणी, ती पुण्यात असते. एक आमची मंडळी." इथं सरांनी माझी नजर चुकवली. "आणि एक शेवाळे बाई."

आमच्याकडं ही रीतच आहे. हळदीकुंकवापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत, यादी नेहमी भरगच्च दिसली पाहिजे. जयतिलकांनी कागद वर धरून बघितला. "वाय. शेवाळे. गैरहजर."

"हजर आहेत," ढेरे सर म्हणाले.

"सर, मी बहात्तर किलोची आहे!"

"वजनाची अट नाही," जयतिलक म्हणाले. "हर्डल्स तुम्ही मांडा. तपासायला मी स्वतः येतो."

आली का पंचाईत! ढेरे सर धावत सुटले, कारण घड्याळ आणि कॅमेरावाली पुण्याची माणसं वायरी गुंडाळायला लागली होती. त्यांना मसाला दूध पाजून परत वायरी पसरायला लावल्या. रेश्मानं तिचे जादा खिळ्यांचे बूट दिले. ते एका नंबरानं लहान होते. तीन लेनमधली तीस हर्डल्स मी स्वतः लावली. मागून जयतिलक काठी लावत आले, आणि त्यांच्यामागून ओर्नेला पट्टीवर हात ठेवत आली. पूजेच्या हर्डलपाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "हे तुझ्या लेनला घे."

सुरुवातीच्या रेषेवर तिनं मला समजावलं. "तू जिंकायचं नाहीस. जोरात पळायचं नाहीस. फक्त पोचायचं. बाजूनं जायचं नाही, हातानं पाडायचं नाही. वरूनच जायचं. पडलीस तरी चालेल."

"आणि पोचले नाही तर?"

"तर मी तुझा जीव घेईन," ती म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती.

प्रेक्षक बरेचसे घरी गेले होते. उरलेल्यांना शर्यत परत का होतेय ते कळत नव्हतं, पण कन्याशाळेच्या पीटीच्या बाई पळणार म्हटल्यावर एकही जण उठेना. माझ्या शाळेच्या पन्नासेक पोरी तर गजाला चिकटून उभ्या राहिल्या. आयुष्यभर यांना "पोटं आत घ्या" म्हणून ओरडले होते.

बार झाला. ओर्नेला गेली. मला तिची फक्त पाठ दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. पहिलं हर्डल कसं ओलांडलं देव जाणे. दुसरं पाडलं. तिसरं चक्क जमलं, आणि मला उगाच वाटलं, अरेच्चा, आपल्याला येतंय की! चौथं, पाचवं धडपडत. सहाव्याला पाय पट्टीत अडकला, आणि मी हर्डलसकट पलीकडे तोंडावर पडले.

पडल्या पडल्या मान वर केली. बोर्ड समोरच होता. तेरा दहा. तेरा शून्य नऊ नाही, तेरा अकरा नाही. तेरा दहा! रेश्माही पोचली होती. आणि ओर्नेला रेषेपलीकडं वळून उभी होती, बोर्डाकडं पाठ करून. ती माझ्याकडं बघत होती.

आता एक सांगते, जे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. बाविसाव्या वर्षी, राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीच्या वेळी मी सहाव्या हर्डलवर पडले, तेव्हा माझ्या घोट्याला काहीही झालं नव्हतं. पडल्याची लाज वाटली होती. शेवटची पोचण्यापेक्षा लंगडी म्हणून उचलून नेलेलं बरं, असं वाटलं. म्हणून झोपून राहिले, स्ट्रेचर येईपर्यंत. पुढं दोन महिने घरात पट्टी बांधून लंगडलेसुद्धा. त्यानंतर कुणी विचारलं, की घोटा. चौदा वर्षं घोटा. ओर्नेलानं तो हातात घेऊन फिरवला होता तेव्हाच तिला कळलं असणार, की या घोट्याला कधी काही झालेलं नाही.

या वेळी गुडघा खरंच फुटला होता. रक्त पोटरीवरून खाली येत होतं. झोपून राहिले असते तर कुणीही नाव ठेवलं नसतं. उलट सगळे हळहळले असते.

"यामू!" ओर्नेला ओरडली. तिनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते, कारण मला हात लावला तर सगळं फुकट गेलं असतं. "यामू, ऊठ!"

उठले. सातव्याजवळ चालत गेले. उडी मारायला वेगच नव्हता. मग एक पाय वर टाकला, पट्टीवर पोटानं लवंडले आणि हर्डल घेऊनच पलीकडं उतरले. आठव्याला थोडी धावले आणि गुडघा आपटून पार झाले. पोरी ओरडायला लागल्या, "बाई, बाई, बाई!" मांडवात बापूसाहेब उठून उभे राहिले होते आणि "पाय उचला, पाय!" म्हणून मला शिकवत होते. नववं. मी रडत होते की हसत होते मला सांगता येणार नाही, पण मोठ्यांदा काहीतरी करत होते. दहाव्याला खरंच उडी मारली. तीन कुत्री मागं लागल्यावर बाई पळते तशी शेवटचे दहा मीटर पळाले आणि रेषेच्या पलीकडं ओर्नेलाच्या अंगावर जाऊन आदळले. आम्ही दोघीही खाली पडलो.

"तुला मी माफ केलेलं नाही," ती माझ्या कानात म्हणाली. रडून रडून तिचं नाक माझ्या खांद्याला पुसलं जात होतं.

"नको करूस," मी म्हटलं. "तू जा म्हणजे झालं."

जयतिलक कागद घेऊन आमच्यापाशी आले. माझी वेळ सत्तेचाळीस सेकंद आणि काही शतांश. त्यांनी ती गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतली, कुठल्याही वेळेसारखी. मग नियमाप्रमाणं तिघींनाही उभं करून एकेकीला विचारलं, "हर्डल्सच्या उंचीबद्दल काही तक्रार?"

ओर्नेलानं मान हलवली. रेश्मानं हलवली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या दोन्ही गुडघ्यांची सालं निघाली होती, कोपर सोलवटलं होतं आणि हनुवटीवर लाल ट्रॅकचा चुरा चिकटला होता.

"बरोबर होती साहेब," मी म्हटलं. "पाच-सहा तर मी अंगानं मोजली आहेत."

त्यांनी पेन काढलं आणि सही केली.